नगारबेटावरची हजेरी

लातूरहून अहमदपूरकडे जाताना चौदा मैलांवर नगारवाडीचा फाटा लागतो. तिथं उतरून उजवीकडं पाहिलं की शेतांच्या मधोमध पालथ्या घातलेल्या काटवटीसारखा एक डोंगर दिसतो. आमच्याकडं अशा सुट्या डोंगराला बेट म्हणतात. हे नगारबेट. उंची फार नाही. सावकाश चढणाऱ्यालाही पाऊण तास पुरतो. खाली तरवड आणि सीताफळीची झुडपं, मधे लाल मुरूम, वर काळा खडक. माथ्यावर अर्धा ढासळलेला एक बुरूज, नगारखान्याचं जोतं आणि कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. टाक्याच्या कडेला दोन ओळींचा फारसी शिलालेख होता. माझे वडील निजामाच्या अमलात उर्दू शिकलेले, त्यांच्याकडून मी अक्षरं शिकलो होतो. पण त्या लेखातला एकच शब्द मला लागला. हाजिर.

गावात सांगत की पूर्वी इथं चौकी होती. नगारा वाजला की पहाऱ्यावरच्या शिपायानं ‘हाजिर’ म्हणून ओरडायचं. एकदा हाजिर म्हटलं की बदलीचा शिपाई येऊन तेच म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. एका उन्हाळ्यात खालचं लष्कर निघून गेलं आणि बदली पाठवायचं विसरलं, असंही सांगत. त्याला पुरावा काही नाही.

हे सगळं मी एका पुस्तिकेत लिहिलं आहे. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला. मी तेव्हा तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नव्या जिल्ह्यात पाहण्यासारखं काय काय आहे, याची माहिती छापून काढायची असं वरिष्ठांच्या मनात आलं. दुपारच्या सुट्टीत पुस्तक वाचत बसणारा माणूस मी एकटाच, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. चोवीस पानांच्या पुस्तिकेत नगारबेटाला चार पानं दिली. शहरापासून जवळ, चढायला सोपं, वरून दिसणारा मुलूख, थंडीच्या दिवसांत सहलीला उत्तम, असं सगळं लिहिलं. पायऱ्यांबद्दल एकच वाक्य लिहिलं: ‘या तीनशे बारा पायऱ्या बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामातून तयार झाल्या.’ वाक्य खरं आहे. त्याच्या पुढचं लिहायला मला चौतीस वर्षं लागली, आणि आताही ते मला नीट जमेल याची खात्री नाही.

त्र्याहत्तरच्या वैशाखात मी त्या कामावर हजेरी कारकून होतो. वय एकोणतीस. एकशे चाळिसाव्या पायरीजवळ, डोंगराच्या पोटात, मुरमाची खाण होती. पायऱ्यांची भर तिथून यायची. खाणीसमोर एक सपाट दगड होता. सकाळी आणि दुपारी त्या दगडावर उभं राहून मी नावं पुकारायचो आणि खालची माणसं ‘हाय’ म्हणायची. आमच्या टोळीत त्रेचाळीस माणसं होती, त्यांतल्या बायका जास्त.

या हजेरीत एक रीत होती. एखादी बाई पाणी आणायला किंवा पोराला पाजायला गेलेली असली, तर शेजारची तिच्या नावाला ‘हाय’ म्हणायची. याला त्या ‘बदली लावणं’ म्हणत. सगळ्यांना माहीत होतं. मलाही. मी कधी काही बोललो नाही, कारण चारचौघांत कोणाला काही म्हणायचं झालं की माझी जीभ टाळूला चिकटते. सतरा नंबरला धुरपताबाई होती आणि अठरा नंबरला केवळाबाई. दोघी सख्ख्या जावा, धुरपताबाई थोरली. एकमेकींची बदली त्या इतक्या सहज लावायच्या की त्यांचे आवाज मला वेगळे ओळखू येत नसत.

लोक खाणीचा कडा खालून खात गेले होते. खालचा मुरूम मऊ, वरचा थर कठीण. त्यामुळं आत पडवीसारखी पोकळी झाली होती. अख्ख्या डोंगरावर दुपारची सावली तेवढीच होती. कामावर वाटलेली सुकडी खाऊन बायका तिथं अंग टाकायच्या. कामावरचा ओव्हरसियर दोनदा रागावला होता. पण सावली होती.

त्या दिवशी दोनच्या सुमाराला कडा बसला. मोठा आवाज झाला नाही. भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा एकच आवाज झाला, आणि मग धूळ. बायका ओरडत बाहेर पळाल्या. ढीग पुरुषभर उंचीचा झाला होता. ओव्हरसियरनं मला सांगितलं, हजेरी घ्या. सगळे भरले तर हात लावायचा नाही, नाहीतर ढीग उपसण्यात दोन दिवस जातील.

मी दगडावर चढलो. धुळीमुळं सगळ्या बायकांनी पदर तोंडावर ओढून घेतले होते. मी नावं पुकारत गेलो.

“धुरपताबाई पंढरी.”

“हाय.”

“केवळाबाई व्यंकटी.”

उत्तर लगेच आलं नाही. मी कागदावर पेन्सिल टेकवून थांबलो. मग आलं.

“हाय.”

आवाज बारीक होता, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. मी मान वर केली. तोंड कोणाचंच दिसत नव्हतं. मी बरोबरची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

त्रेचाळीस भरले. ओव्हरसियरनं लोकांना कड्याच्या दुसऱ्या बाजूला लावलं. तिकडून निघालेला मुरूम टाकायला जवळची जागा म्हणजे तोच ढीग. दुपारभर पाट्या त्यावर पडत राहिल्या.

संध्याकाळी केवळाबाईचा नवरा व्यंकटी विचारत आला. तेव्हा धुरपताबाईनं सांगितलं, मला वाटलं ती पाण्याला गेली. रात्रभर आणि सकाळभर गावानं ढीग उपसला. केवळाबाई अकराच्या सुमाराला सापडली. तिच्या मुठींत मुरूम होता. बोटांना नखं राहिली नव्हती. गावातल्या नागुबाई सुईणीनं तिच्या मानेखाली हात घालून पाहिलं. ओव्हरसियर शेजारीच उभा होता, पण ती माझ्याकडं बघून बोलली.

“दादा, ही काल दुपारी मेली न्हाई. ही आज पहाटं मेली.”

चौकशीला वरून एक साहेब आले. केवळाबाईच्या नावावर बरोबरची खूण कशी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नावाला उत्तर आलं. आवाज कुठून आला, त्यांनी विचारलं.

मला ते माहीत नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. आवाज रांगेतून आला असेल, ढिगातून आला असेल. माझा माझ्या कानांवर कधीच विश्वास नव्हता. पण त्या खोलीत मी एकदाही न अडखळता बोललो.

“बायकांच्या रांगेतून आला, साहेब.”

धुरपताबाई दाराशी बसली होती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “म्या न्हाई बोलले.” तेवढंच. मग रांगेतल्या बायका आठवून सांगू लागल्या की तीच बोलली, तीच नेहमी बदली लावायची. साहेबांनी लिहून घेतलं. कोणावर काही कारवाई झाली नाही. गावानं मात्र आपला निकाल लावला.

पुढं माझी बदली झाली. आणखी दोनदा झाली. मग नवा जिल्हा.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत, पुस्तिका छापून आल्यावर, आमच्या हेडक्लार्कांनी नगारबेटाची सहल काढली. मलप्पा अण्णा त्यांचं नाव. निलंग्याकडचे, बोलताना मधेच कानडी हेल निघायचा. मोठ्यानं हसणारे, मनानं उमदे. मी काहीतरी कारण काढून टाळत होतो. ते म्हणाले, “अहो सूर्यवंशी, पुस्तक तुम्ही लिहिलं, आता डोंगर काय मी दाखवू?” आम्ही एकोणीसजण होतो. कचेरीतली माणसं, त्यांच्या बायका, धपाट्यांचे आणि शेंगाच्या चटणीचे डबे. त्या साली परतीचा पाऊस आलाच नव्हता. जानेवारीतच विहिरींचे तळ दिसत होते.

पहिल्या पायरीशी पत्र्याची एक खोपी होती. बाहेर रांजण, त्यावर पितळी तांब्या. शेजारी एक बाई बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायची. मी तिला ओळखलं नाही, तिनंच मला ओळखलं.

“कारकून न्हाई का तुम्ही?”

मी मान हलवली. ती धुरपताबाई होती. पंचेचाळिशीची बाई साठीची दिसत होती. तिनं तांब्या बुडवून माझ्यापुढं धरला. दहा वर्षांपूर्वी याच बाईनं कामावर मला वरून, ओंजळीत पाणी घातलं होतं. आम्ही बौद्ध, आणि तेव्हा ते गावात उघडच होतं. आता तांब्या माझ्या ओठाला लागला, तरी तिनं काही मानलं नाही.

“प्या,” ती म्हणाली. “गावातलं कुणी माझ्या हातचं पीत न्हाई.”

बाकीचे पाणी पिऊन, बुटाच्या नाड्या बांधत गप्पा मारत होते तेवढ्यात तिनं मला सगळं सांगितलं. नवऱ्यानं, पंढरीनं, तिला त्याच वर्षी घराबाहेर काढलं होतं. गावातली पोरं तिला ‘हायवाली’ म्हणून हाका मारत. बेटावर आता कोणी हाकेला ‘हाय’ म्हणत नाही, ‘आलो’ म्हणतात, हेही तिनंच सांगितलं. तिचा मुलगा तिला पाहून वाट बदलायचा. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं आणि तिला बोलावणं नव्हतं. ते सांगण्यापुरता सोडला, तर हे सगळं बोलताना तिनं ‘हाय’ हा शब्द एकदाही वापरला नाही. आमच्या बोलीत ते किती अवघड आहे, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल.

“एक करा माझ्यासाठी,” ती म्हणाली. “वर चला. त्या दगडावर हुबं ऱ्हा अन् त्या दिवशीवानी हजेरी पुकारा. म्या तोंडात पाणी धरते, समद्यांच्या म्होरं. मंग बगा कोण बोलतंय. तुम्ही कचेरीची मान्सं. तुम्ही सांगितलं तर गाव ऐकंल. मला लेकाच्या लग्नात उगं कोपऱ्यात बसू देतेल.”

मी तेव्हाच म्हणू शकलो असतो की बाई, आवाज कुठून आला ते मला ठाऊक नव्हतं, मी तुझ्यावर ढकललं. गावात जाऊन पंढरीला सांगू शकलो असतो. त्यासाठी डोंगर चढायची गरज नव्हती. पण मला ते बोलण्यापेक्षा चढणं सोपं वाटलं.

ती माझ्या मागं मागं चढत आली, हातात तांब्या घेऊन. थेंब सांडू नये म्हणून तांब्याच्या तोंडावर तळहात धरला होता. एकशे चाळिसाव्या पायरीशी सगळे दम खायला थांबले. खाण तशीच होती. ढीग पसरून त्यावर तरवड उगवली होती. सपाट दगडही होता. धुरपताबाईनं मलप्पा अण्णांना आपलं आपणच सांगितलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. अण्णांना गंमत वाटली.

“होऊन जाऊ द्या की, सूर्यवंशी. आम्हाला पण ऐकू द्या दुष्काळाची हजेरी.”

आमच्या घरी छप्पन सालानंतर देव गेले, तशी भुतंही गेली. मी हे सांगतो, कारण दगडावर चढताना मला भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती. एवढ्या माणसांपुढं मोठ्यानं बोलायचं, एवढीच.

धुरपताबाईनं तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं. गाल फुगले. हात मागं बांधून ती सगळ्यांपासून पाच पावलं दूर, उन्हात उभी राहिली.

कागदाची गरज नव्हती. त्रेचाळीस नावं मला तोंडपाठ होती. मी पहिलं नाव पुकारलं. कोणीतरी मागून “हाय” म्हटलं आणि सगळे हसले. दुसऱ्या नावाला दोघं म्हणाले. कचेरीतल्या बायकाही एकदोनदा म्हणाल्या. मग हळूहळू ते थांबलं. त्या नावांतली कितीतरी माणसं आता नसतील, असं कोणाच्या तरी मनात आलं असावं. दहाव्या-बाराव्या नावापासून कोणीच बोललं नाही. मी नाव घ्यायचो, थोडा थांबायचो, पुढचं घ्यायचो. वर एक घार फिरत होती.

सोळा झाली.

“धुरपताबाई पंढरी.”

तिचे ओठ मिटलेले होते. गाल तसेच फुगलेले. मी तिच्याकडंच पाहत होतो.

“हाय.”

बारीक आवाज. रिकाम्या रांजणातून यावा तसा. तो तिच्याकडून आला नाही, माझ्या मागच्या माणसांतूनही आला नाही. तरवडीच्या मुळाशी, जमिनीच्या पातळीवरून आला.

कोणी हसलं नाही.

पुढचं नाव घेऊ नये असं वाटलं. पण हजेरी मधे तोडायची सवय मला नव्हती.

“केवळाबाई व्यंकटी.”

मी थांबलो. पुष्कळ वेळ थांबलो. घारीची सावली खाणीवरून गेली.

उत्तर आलं नाही.

धुरपताबाईच्या गळ्याची हालचाल झाली. तोंडातलं पाणी तिनं थुंकलं नाही, गिळलं. तो आवाज मला ऐकू आला.

मग मलप्पा अण्णा एकदम हसले आणि सगळ्यांना हसायला जमलं. “लबाड आहे हो बाई,” ते म्हणाले. “तोंडात पाणी धरून बोलती. आपल्या नावाला आपणच! गारुड्याकडं शिकलीस काय गं?” कचेरीतल्या एकीनं दुसरीला सांगितलं की मग त्या दिवशीही हीच बोलली असणार. एवढं सिद्ध झालं.

धुरपताबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं तांब्या पालथा करून ढिगाजवळ ठेवला आणि शेजारी बसली.

“कारकून,” ती म्हणाली, “माझी बदली लावली तिनं.”

मी दगडावरून खाली उतरलो.

“आता हजेरी लागली. सांज होईस्तोवर जागा सोडता येत न्हाई.”

आम्ही वर गेलो. मी बुरूज दाखवला, टाकं दाखवलं, शिलालेखावरचा तो एक शब्द वाचून दाखवला. डबे सोडले. धपाटी चांगली झाली होती, असं सगळे म्हणत होते. वरून लातूरच्या बाजूचा सगळा मुलूख दिसत होता, भाजल्यासारखा तांबूस.

साडेचारला उतरलो. खाणीशी ती नव्हती.

पालथा तांब्या तिथंच होता. त्याच्या पलीकडं कड्यावरून थोडा मुरूम ओघळला होता. फार नाही. परातभर असेल. मांजरही झाकलं नसतं. मी वाकून पाहिलं. त्याचा रंग वरच्या मुरमापेक्षा गडद होता, नुकताच उकरल्यासारखा ओला. त्या जानेवारीत हातभर खोलवरही ओल नव्हती.

“गेली असेल खोपीत,” मलप्पा अण्णा म्हणाले. “चला. पाचची गाडी चुकली तर रात्री आठशिवाय दुसरी नाही.”

मी दगडावर चढलो. का चढलो माहीत नाही. हळूच म्हणालो, “धुरपताबाई.”

“हाय.”

पायाखालून.

“आहे की!” मागून कोणीतरी म्हणालं. “इथंच आहे कुठंतरी झुडपात. चला आता.”

सगळे उतरू लागले. मी दगडावर उभा होतो. मला म्हणायचं होतं, थांबा, हात लावा, हा ढीग उपसू. अण्णा वळून माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या मागं बायका आणि डब्यांच्या पिशव्या. मी हे बोललो असतो तर काय झालं असतं, त्याचं चित्र मला स्पष्ट दिसलं. आधी ते हसले असते. मग कचेरीत कित्येक दिवस हसले असते.

मी उतरलो. खोपीचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. गाडी पाचला दहा मिनिटं कमी असताना आली. मला खिडकीजवळ जागा मिळाली.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. तांब्या नव्हता. ओघळलेला मुरूम वाळून बाकीच्यासारखाच झाला होता. दगडावर चढलो, पण नाव तोंडातून निघेना. उत्तर आलं असतं तर आठ दिवस झाले होते. आलं नसतं तरीही आठ दिवस झाले होते.

गावात म्हणत होते की लेकाच्या लग्नाचं बोलावणं नाही म्हणून ती कुठंतरी निघून गेली. कोणी भोकरचं नाव घेई, कोणी नांदेडचं. तिला शोधायला कोणी गेलं नाही. तिच्याबद्दल मला कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

पुस्तिकेच्या आणखी तीन आवृत्त्या निघाल्या. नगारबेटाला आता सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. पायऱ्यांना लोखंडी कठडे लावले आहेत. लातूरची पोरंपोरी मोटरसायकली घेऊन पहाटे येतात, पाठीवर पिशव्या, कानात गाणी. खाणीसमोरच्या सपाट दगडावर उभं राहून आपलं नाव ओरडायचं आणि फोनवर त्याचं चित्र काढायचं, ही तिथली मुख्य गंमत आहे. कधी कधी उत्तर येतं म्हणतात. डोंगर ‘हाय’ करतो, असं ती मुलं म्हणतात आणि हात हलवून उलट ‘हाय’ करतात. कोणीतरी पांढऱ्या रंगानं दगडावर बाण काढून लिहिलं आहे, ‘हाय पॉइंट’. पडसाद हा आपण बोललेलाच शब्द परत देतो, हे त्यांच्यातल्या कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. गावातलं कोणी त्यांना काही सांगत नाही.

मी इतक्या वर्षांत पुन्हा गेलो नाही. गुडघे चालत नाहीत, असं घरी सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. आपण अजून आहोत, हे वर्षातून एकदा समोर जाऊन सांगावं लागतं. लातूरला तेव्हाच नळ महिन्यातून एकदा येत होता. बँकेच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी पाण्याचा जार ठेवला होता, हे पाहून बरं वाटलं. म्हातारी माणसं बाकांवर बसली होती. समोरचा तरुण कारकून यादी पुढ्यात घेऊन, मान खाली घालून नावं पुकारत होता. कोणी ‘हजर’ म्हणत होतं, कोणी नुसता हात वर करत होतं. तो वर बघत नव्हता. मी उठून जारजवळ गेलो. घसा कोरडा पडला होता. पेला भरला आणि मोठा घोट तोंडात घेतला.

“केरबा ग्यानोबा सूर्यवंशी.”

“हाय.”

फरशीजवळून, बारीक. रिकाम्या रांजणातून यावा तसा.

कारकुनानं मान वर न करता बरोबरची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. माझे गाल अजून फुगलेले होते.